ग्राफीनचा ट्रान्झिस्टर रक्तातलं ट्रोपोनिन ओळखतो म्हणतात, मग तालुक्याच्या दवाखान्यात अजून का नाही?

नीरा_काठ

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात पहाटे साडेचारच्या सुमाराला वडिलांच्या छातीत भरून आलं, दरदरून घाम फुटला आणि डावा खांदा धरून बसले. आमची शेती फलटणच्या बाजूला, नीरा उजव्या कालव्यावर, आदल्या रात्री ते उसाला दारं धरायला गेले होते त्यामुळे आईला आधी वाटलं गारठ्याने अंग धरलंय. गाडी काढून जवळच्या दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, डॉक्टर म्हणाले पट्टीत तसं ठळक काही दिसत नाही, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रोटीन) बघायला लागेल आणि ती टेस्ट इथे होत नाही. रक्त काढलं, सॅम्पल बाहेर गेलं, रिपोर्ट हातात यायला दुपारचे बारा वाजून गेले. वाढलेलं होतं. मग पुण्याला हलवलं, अँजिओप्लास्टी झाली, आता घरी आहेत, देवाची कृपा. पण बाकड्यावर बसून काढलेले ते सहा-सात तास डोक्यातून जात नाहीत.

तिथेच बसून मोबाईलवर वाचत होतो की ट्रोपोनिन म्हणजे काय, कसं मोजतात, आणि वाचता वाचता या ट्रान्झिस्टरवाल्या सेन्सरपर्यंत पोचलो. मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स, एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, मॉसफेट (गेटवरच्या व्होल्टेजने करंट कमी-जास्त करणारा ट्रान्झिस्टर) रोज हातात असतो, म्हणून कल्पना लगेच पटली. गेटच्या जागी अँटीबॉडी बसवायची, तिला नेमकं ते प्रोटीन येऊन चिकटलं की त्याच्या चार्जमुळे करंट बदलतो, रंग नको, फ्लोरोसंट नको, मोठं मशीन नको. फेम्टोमोलर पातळीपर्यंत, म्हणजे अगदी नगण्य प्रमाणापर्यंत, ओळखतो म्हणे आणि हे काम 2001 पासून चालू आहे. मग एवढ्या वर्षांत हे आमच्यासारख्या ठिकाणी का नाही आलं? मॉसफेट चार-पाच रुपयाला मिळतो. कोणी यात प्रत्यक्ष काम केलं असेल तर सांगा, अडतंय कुठे नेमकं?

सूक्ष्म_तार

दादा, वडील घरी आले हे वाचून बरं वाटलं. मी पाच वर्षं ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या एकाच थराच्या, ट्रान्झिस्टरवर काम केलंय, प्रोटीन ओळखण्यासाठीच, तर जेवढं हाताने केलंय तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे तुम्ही वाचलंत ते खरं आहे, कुणी फसवत नाहीये. याची सुरुवात 2001 च्याही आधीची, 1970 साली नेदरलँड्समध्ये पीट बर्गवेल्ड यांनी मॉसफेटचं धातूचं गेट काढून तिथे सरळ द्रव ठेवला आणि त्यावरून आयन मोजले, आजही काही पीएच मीटरमध्ये तोच प्रकार असतो. 2001 ला हार्वर्डमध्ये चार्ल्स लीबर यांच्या ग्रुपने सिलिकॉनची नॅनोवायर म्हणजे अतिशय बारीक तार घेऊन स्ट्रेप्टाविडिन नावाचं प्रोटीन पिकोमोलर (फेम्टोमोलरच्या हजारपट) पातळीला ओळखून दाखवलं. 2005 ला त्याच ग्रुपने एका चिपवर पीएसए, सीईए असे कॅन्सरचे मार्कर एकत्र मोजले, तेही फेम्टोमोलरला.

नॅनोच का लागतं, ते तुमच्या वडिलांच्या दाऱ्यांवरूनच सांगतो. कालव्यात ढेकूळ टाकलं तर पाण्याला पत्ता लागत नाही. तेच ढेकूळ सरीत पडलं तर पाणी तुंबतं, वरंबा फोडून शेजारच्या सरीत जातं. साध्या जाड सिलिकॉनमधून करंट वाहतो तेव्हा वरच्या पृष्ठभागावर चार प्रोटीन बसली काय नि उठली काय, आतल्या करंटचं काही बिघडत नाही. पण वायरच 20 नॅनोमीटरची असली की पृष्ठभागावरच्या चार्जचा जोर आख्ख्या वायरभर पोचतो. ग्राफीन तर एका अणूच्या जाडीचं, त्याला आतलं असं काही नाहीच, सगळंच वर.

आता करतो कसं ते ऐका म्हणजे अडतं कुठे ते आपोआप कळेल. तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेलं ग्राफीन घ्यायचं, त्यावर पॉलिमरचा पातळ थर द्यायचा, मग तांबं खाली रसायनात विरघळवायचं, शेवटी पाण्यावर एक पारदर्शक पापुद्रा तरंगत राहतो तो सिलिकॉनच्या तुकड्यावर उचलून घ्यायचा. दुधावरची साय अख्खी उचलावी तसं आहे ते, श्वास रोखून करायचं काम, एक सुरकुती पडली की तो डिव्हाइस गेला. मग ॲसिटोनने पॉलिमर काढायचा, तरी थोडा चिकटून राहतोच. त्यानंतर पायरीन असलेला एक रेणू टाकतो, त्याचं एक टोक ग्राफीनला चपटं बिलगतं आणि दुसरं टोक अँटीबॉडीला धरून ठेवतं. उरलेल्या मोकळ्या जागेवर दुसरं काही चिकटू नये म्हणून ती जागा भरून टाकायची. वरती बफरचा, म्हणजे ठरावीक मिठाच्या द्रावणाचा, थेंब, थेंबात सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड, तोच तुमचा गेट. गेटचं व्होल्टेज फिरवलं की ग्राफीनचा ग्राफ व्ही अक्षरासारखा येतो, आणि प्रोटीन चिकटलं की तो व्ही थोडा डावी-उजवीकडे सरकतो. ते सरकणं म्हणजे आपलं उत्तर. पहिल्यांदा स्क्रीनवर तो व्ही सरकताना बघितला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, मी तसाच खोलीवर जाऊन आईला उठवून फोन केला होता.

आता अडचण. आपलं रक्त खारट आहे. सलाईनच्या बाटलीवर 0.9 टक्के लिहिलेलं असतं ना, म्हणजे लिटरमागे 9 ग्रॅम मीठ, रक्त साधारण तेवढंच खारट. या मिठाचे आयन प्रोटीनच्या चार्जभोवती गोळा होतात आणि त्याला झाकून टाकतात. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की हेडलाइट असूनही बोनेटच्या पुढचं दिसत नाही, तसं. चार्जचा प्रभाव किती लांब पोचतो त्याला डिबाय लांबी म्हणतात, रक्ताच्या खारटपणाला ती जेमतेम 0.7 ते 0.8 नॅनोमीटर येते. आणि आपण पृष्ठभागावर उभी केलेली अँटीबॉडीच 10 नॅनोमीटरच्या आसपास उंच, तिच्या शेंड्याला प्रोटीन येऊन बसलं तरी खाली ट्रान्झिस्टरला त्याची चाहूलच लागत नाही. मग आम्ही लोक काय करतो तर बफर 100 पट पातळ करतो, लांबी 7 नॅनोमीटरच्या पुढे जाते आणि सुंदर सिग्नल येतो. तुम्ही वाचलेले फेम्टोमोलरचे बरेचसे आकडे असे पातळ बफरमधले आहेत. हार्वर्डच्या 2005 च्या कामात गाढवाचं सीरम वापरलं होतं, पण त्यातलं मीठ आधी काढून टाकून. म्हणजे आकडा खरा, पण तो तुमच्या वडिलांच्या बोटातून निघालेल्या थेंबाचा नव्हे.

दुसरी अडचण गर्दीची. ट्रोपोनिन लिटरला 20 नॅनोग्रॅम धरा आणि त्याच लिटरात अल्ब्युमिन हे रक्तातलं नेहमीचं प्रोटीन 40 ग्रॅम. वजनात 200 कोटी पट. नेमकं आपलं प्रोटीन बसायच्या आधी हे अल्ब्युमिन जाऊन सगळीकडे लेप देतं, आणि त्यालाही चार्ज असतोच.

तिसरी गोष्ट फार कमी जण बोलतात. सेन्सर जेवढा बारीक तेवढं रेणूला तो सापडायला वेळ लागतो. फेम्टोमोलरला एका मायक्रोलिटरात सगळे मिळून 600 च्या आसपास रेणू असतात, ते आपले इकडेतिकडे भटकत भटकत त्या एवढ्याशा तारेवर कधी येऊन धडकणार? नुसता थेंब ठेवून दिला तर तास काय दिवसही लागू शकतो. म्हणून लगेच उत्तर आणि अतिशय कमी प्रमाण या दोन गोष्टी एकाच वाक्यात वाचल्या की मी थांबून विचारतो की द्रव फिरवला होता का, थेंब केवढा होता.

आणि शेवटी ते सरकणं. कधी कधी काहीही न टाकता, नुसत्या बफरमध्ये अर्धा तास ठेवला तरी व्ही हळूहळू सरकतो. प्रोटीनमुळे सरकला की उगाच, हे दवाखान्यात रात्रपाळीच्या सिस्टरने कसं ठरवायचं? शेजारी शेजारी बनवलेले दोन डिव्हाइससुद्धा सारखे निघत नाहीत. तुमचा मॉसफेट चार रुपयाला मिळतो कारण कोट्यवधी नग एकसारखे निघतात, आमचे तसे अजून निघत नाहीत, सगळी मारामारी तिथेच आहे.

पॅथलॅब_सोलापूर

नमस्कार. मी बायोकेमिस्ट्रीची डॉक्टर आहे, रोज ट्रोपोनिनचे रिपोर्ट सही करते. सूक्ष्म_तार यांनी आतली बाजू फार छान सांगितली, मी आमच्या टेबलाकडून सांगते.

आत्ता जी टेस्ट होते तिचं तत्त्वही अँटीबॉडीचंच आहे. एक अँटीबॉडी पकडते, दुसरी वरून बसते आणि तिला लावलेला पदार्थ प्रकाश देतो. मधे धुऊन घेतलं जातं, हे धुणं फार महत्त्वाचं, त्याच्यामुळेच मीठ आणि अल्ब्युमिन आड येत नाही. ट्रान्झिस्टरवाल्यांना दुसरी अँटीबॉडी आणि धुणं दोन्ही टाळायचंय, म्हणून त्यांचं काम अवघड आहे.

नव्या सेन्सरने किती कमी मोजलं हे मला तेवढं महत्त्वाचं नाही. निरोगी लोकांपैकी 99 टक्के ज्या आकड्याच्या खाली असतात त्या आकड्याजवळ तेच सॅम्पल दहा वेळा लावलं तर उत्तरात फरक 10 टक्क्यांच्या आत हवा, ही हाय सेन्सिटिव्हिटी टेस्टची अट आहे. ट्रोपोनिन टी या प्रकारासाठी तो आकडा लिटरला 14 नॅनोग्रॅम धरतात. आणि एकदा मोजून भागत नाही, तासा-दोन तासाने परत मोजून वाढतंय का बघायचं असतं, कारण किडनीच्या पेशंटचं एरवीही वाढलेलं असतं. म्हणजे तुमचा सेन्सर दोन तासांत आपोआप सरकत असेल तर मी त्याच्यावर सही कशी करू?

आता नीरा_काठ, तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्यात. एक, 15-20 मिनिटांत उत्तर देणारं ट्रोपोनिनचं कार्ड आजही मिळतं, प्रेग्नन्सीच्या पट्टीसारखं. ते लहान दवाखान्यात ठेवता येतं. फक्त अगदी सुरुवातीला ते निगेटिव्ह येऊ शकतं म्हणून एका निगेटिव्हवर पेशंट घरी पाठवायचा नाही. तसंच पहिला ईसीजी साधा आला तरी दुखणं चालू असेल तर थोड्या थोड्या वेळाने परत काढायचा. आणि पट्टीत मोठा अटॅक स्पष्ट दिसत असेल तर ट्रोपोनिनची वाट बघायचीच नसते, सरळ हलवायचं.

दुसरी गोष्ट विचारायची आहे. ट्रोपोनिन रक्तात दिसायला साधारण तीन-चार तास लागतात. दुखणं साडेचारला सुरू झालं म्हणता, मग सॅम्पल किती वाजता काढलं? आणि आकडा किती होता?

नीरा_काठ

मॅडम, सॅम्पल साडेपाचला काढलं. आकडा 0.38 होता.

तुमचा प्रश्न वाचून आज वडिलांना नीट विचारलं. रात्री अकरापासून छातीत दडपण होतं म्हणाले. पाणी चालू होतं, दारं अर्धवट टाकून कसं यायचं म्हणून बोलले नाहीत. आईलासुद्धा नाही सांगितलं. मी हे वाचून दाखवलं तेव्हा नुसते मान खाली घालून बसले.

सूक्ष्म_तार दादा, ढेकळाचं उदाहरण वडिलांनाही कळलं, त्यांनी विचारलं की मग साखर मोजायचं मशीन घरोघरी कसं चालतं, तेही रक्तच की. मलाही तेच विचारायचंय. आणि कोविडच्या वेळी ग्राफीनवर विषाणूचं स्पाइक प्रोटीन ओळखलं होतं ना, ते खरं का?

सूक्ष्म_तार

काकांचा प्रश्न लाखमोलाचा आहे, कारण उत्तर त्यातच आहे. साखर रक्तात भरपूर असते, उपाशीपोटी लिटरला एक ग्रॅमच्या जवळपास, तर ट्रोपोनिन नॅनोग्रॅममध्ये. म्हणजे काही कोटी पटींचा फरक. शिवाय पट्टीवरचं एन्झाइम एकामागून एक साखरेचे रेणू फोडत राहतं आणि प्रत्येक वेळी इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणजे सिग्नल साठत जातो. ट्रोपोनिन बिचारं येऊन नुसतं बसतं, काही फोडत नाही, काही देत नाही, त्याच्या अंगचा जो चार्ज तेवढाच आपल्याला मिळतो.

कोविडचं काम कोरियातलं, 2020 चं, खरं आहे आणि चांगलं आहे. ग्राफीनवर स्पाइकची अँटीबॉडी बसवली होती. पण त्यातलेच दोन आकडे शेजारी ठेवून बघा. बफरमध्ये मिलिलिटरला 1 फेम्टोग्रॅम ओळखलं आणि स्वॅब ज्या द्रवात ठेवतात त्या द्रवात 100 फेम्टोग्रॅम. सेन्सर तोच, फक्त द्रव बदलला आणि शंभर पट फरक पडला. त्यांनी दोन्ही आकडे उघड लिहिले याचं मला कौतुक वाटतं, बातमीत मात्र पहिलाच आकडा येतो.

आणि मिठावर उपाय नाहीतच असंही नाही हां, मी मघाशी जरा एकाच बाजूने लिहिलं. काही जण आख्खी अँटीबॉडी न लावता तिचा पकडणारा तुकडाच लावतात, उंची कमी होते. काही जण ॲप्टामर म्हणजे डीएनएचा छोटा धागा लावतात, तो लक्ष्य सापडलं की घडी घालून खाली येतो आणि त्याचा स्वतःचाच चार्ज पृष्ठभागाजवळ हलतो, त्यामुळे खारट द्रवातसुद्धा सिग्नल मिळतो. 2018 ला कॅलिफोर्नियात याच पद्धतीने सेरोटोनिन आणि डोपामिन मोजून दाखवलं, ते लहान रेणू आहेत, पण प्रोटीनवरही लोक तेच करू बघतायत. लीबर यांच्याच ग्रुपने 2015 ला पृष्ठभागावर पीईजी नावाच्या पॉलिमरचा थर देऊन खारट द्रवात पीएसए ओळखलं.

मला स्वतःला सगळ्यात पटलेला मार्ग येल विद्यापीठाचा, 2010 चा. त्यांनी ट्रान्झिस्टरला रक्तात घातलंच नाही. आधी वेगळ्या कप्प्यात अँटीबॉडीने पीएसए पकडलं, रक्त धुऊन टाकलं, मग अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाने ती पकड तोडून प्रोटीन स्वच्छ, कमी मिठाच्या बफरमध्ये सोडलं आणि ते नॅनोवायरकडे पाठवलं. 10 मायक्रोलिटर रक्त आणि वेळ 20 मिनिटांच्या आत. मॅडम म्हणतात ते धुणं त्यांनी परत आणलं, फक्त चिपवर आणलं. माझं मत असं की दवाखान्यापर्यंत जे पोचेल ते असंच काहीतरी असेल. अजून संवेदनशील ट्रान्झिस्टर बनवण्यात जेवढी माणसं गुंतलीत त्यातली निम्मी जरी रक्त स्वच्छ करण्याकडे वळली तरी फार काम होईल, कारण ट्रोपोनिनला फेम्टोमोलर लागतच नाही, लिटरला 20 नॅनोग्रॅम म्हणजे पिकोमोलरच्या थोडंसंच खाली, तेवढं हे ट्रान्झिस्टर केव्हाच ओळखतात.

एमएस्सी_कोल्हापूर

मी एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हे सगळं वाचून यातच प्रोजेक्ट करावासा वाटतोय. पण आमच्या कॉलेजात क्लीनरूम (चिप बनवायची धूळविरहित प्रयोगशाळा) नाही. काही करता येईल का?

सूक्ष्म_तार

येईल की. आयआयटी बॉम्बे आणि बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये 2006 पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं आहेत, आणि इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युझर्स प्रोग्राम नावाची सरकारी योजना आहे, तिच्यातून बाहेरच्या कॉलेजच्या लोकांना ट्रेनिंग आणि क्लीनरूम दोन्ही मिळतं. गाइडना बरोबर घेऊन प्रस्ताव पाठव. आणि तोपर्यंत क्लीनरूमवाचून होणारं काम कर, बफर पातळ करत जा आणि प्रत्येक पातळीला सिग्नल किती पडतो ते स्वतः मोज, तयार आयनवाल्या ट्रान्झिस्टरवर पीएच मोजून सुद्धा सुरुवात होते. एक पीएचला जास्तीत जास्त 59 मिलिव्होल्ट यायला हवेत, तुझ्याकडे 40 आले तर का आले ते शोधण्यातच एक सेमिस्टर जाईल आणि त्यातून जे शिकशील ते कुठल्या पुस्तकात नाही.

नीरा_काठ

मंडळी, मनापासून आभार. आमच्या इथल्या डॉक्टरांना काल भेटलो, कार्डाचं बोललो, ते म्हणाले मागवतो.

मॅडम, एक शेवटचं. इथल्या रिपोर्टवर 0.38 आहे आणि पुण्याला दुपारी काढलेल्या रिपोर्टवर 4100 आहे. म्हणजे काही तासांत दहा हजार पट वाढलं? मला ते बघून रात्रभर झोप नाही लागली.

पॅथलॅब_सोलापूर

नाही हो, घाबरू नका. आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलेलं युनिट बघा. 0.38 च्या पुढे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल आणि 4100 च्या पुढे नॅनोग्रॅम प्रति लिटर. पहिल्याला हजाराने गुणा, 380 होतात. म्हणजे 380 चं 4100 झालं, दहा-अकरा पट, अटॅकमध्ये असं वाढतं आणि नंतर हळूहळू उतरतं. साडेपाचलाच 380 होतं म्हणजे त्रास रात्री अकरालाच सुरू झालेला, ते तुमच्या वडिलांनी सांगितलं त्याच्याशी जुळतंय.

अजून एक बघा, एका रिपोर्टवर ट्रोपोनिन आय आणि दुसऱ्यावर ट्रोपोनिन टी तर नाही ना. तसं असेल तर ही दहा-अकरा पटसुद्धा धरू नका, दोन वेगळ्या टेस्टचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत. पुढच्या तपासणीला जाताना दोन्ही रिपोर्ट आणि त्या पहाटेची ईसीजीची पट्टी बरोबर न्या, पट्टीची शाई उडते म्हणून आजच तिचा फोटो काढून ठेवा. आणि दडपण रात्री अकरापासून होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांच्या फाइलमध्ये साडेचार लिहिलेलं असणार.